गप्प पत्त्यांना गेलेलं पत्र

गाद्या-उशांच्या त्या दुकानाची ईमेलं ती लिहायची. थोरल्या मालकांचा कारभार होता तोवर काम सरळ होतं. ज्यानं मागितलंय त्यालाच लिहायचं आणि समोर एकच माणूस बसलंय असं समजून खरं तेवढंच लिहायचं. मालकांना ‘मार्केटिंग’ हा शब्द नीट म्हणताही येत नसे, पण गिऱ्हाइकं उलट उत्तरं पाठवत.

सगळ्यांत जास्त उत्तरं तिच्या आईची. नाव नोंदवताना रकान्यात आईनं सरळ ‘आई’ असं लिहिलं होतं. वाचणारी आपलीच पोरगी, तिला आणखी काय सांगायचं! दर ईमेलवर आईचा शेरा ठरलेला. “उशीला स्वर्गसुख म्हणू नकोस ग, मान दुखायची ती दुखतेच.”

मग मालक घरी बसले आणि जावईबापूंच्या हाती दुकान आलं. जावईबापू म्हणजे युक्त्यांचं पोतं. रोजच ‘शेवटची संधी’, रोजच ‘फक्त तुमच्यासाठी’. तिला ते पटत नव्हतं, पण ती लिहीत राहिली. नोकरी होती, दुसरं काय.

एके दिवशी जावईबापूंनी वर्षभर एकही उत्तर न आलेले, गप्प पडलेले सगळे पत्ते शोधून काढायला लावले. “यांना जरा हळवं काहीतरी जाऊ दे,” ते म्हणाले. “वर ज्याचं त्याचं नाव आपोआप पडेल. माणूस विरघळला पाहिजे.”

तिनं लिहिलं, ‘तुमची खूप आठवण येते. तुमची जागा आम्ही तशीच ठेवली आहे. परत या.’ चहा संपायच्या आत लिहून झालं आणि बटण दाबलं. त्या गप्प पत्त्यांत आईचाही पत्ता होता. आई जाऊन वर्ष उलटलं होतं, पण तो पुसायला तिचा हात धजला नव्हता.

दुपारी उत्तर आलं. वर तिचंच पत्र दिसत होतं: ‘आई, तुमची खूप आठवण येते.’ खाली लिहिलं होतं, “अहोजाहो कधीपासून ग? आणि खोली खरंच तशीच ठेवलीस?”

कुणीतरी चेष्टा करतंय म्हणावं, तर आईचा पासवर्ड आईबरोबरच गेलेला. आणि खोली? महिन्याभरातच पलंग देऊन टाकला होता. तिथं आता नवऱ्याची खोकी होती.

पलीकडून जावईबापू ओरडले, “अहो, गप्प लोक बोलायला लागले! बघा, हा म्हणतो ‘निघालो’. ही म्हणते ‘पोचतेच’. काय पत्र लिहिलंय तुम्ही!” त्यांचा आनंद गगनात मावेना. ती मात्र गारठून बसली होती.

‘हो, तशीच आहे’ एवढं लिहिलं की भागत होतं. अशी वाक्यं आता तिच्या बोटांतून आपोआप गळत. पण आईशी ती खोटं बोलली की आईला कळायचंच, आणि आत्ता तर तिला आईची भयंकर भीती वाटत होती. तिनं लिहिलं, “नाही ग. पलंग देऊन टाकला. ते पत्र सगळ्यांनाच गेलं. तू गेल्यापासून तुला एकटीला मी एक ओळही लिहिली नाही.”

मग उत्तर आलं, “मी तर निघालेय. अर्ध्या वाटेवर आहे. आता काय करू?”

तिला रडू फुटलं. जिला आपण बोलावलंच नव्हतं, ती आपल्या शब्दावर विसंबून उठून चालू लागली होती. तिथून परत जाता येतं की नाही, कुणास ठाऊक. तिनं डोळे पुसले आणि जन्मात पहिल्यांदा विचार करून आईला पत्र लिहिलं. “आठवण येते, हे खरं आहे. भीतीही वाटते. तरी ये.”

घरी येऊन तिनं पदर खोचला आणि खोकी एकेक करून बाहेर ओढली.

“कोण येणार आहे?” नवऱ्यानं विचारलं.

“आई.”

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून एक खोकं उचलू लागला. तिनं फरशी पुसली, चटई टाकली, वर गादी घातली. इतक्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक वळणावर दम खात. खाली रस्त्यावर आणखीही कितीतरी पावलं वाजत होती. ती रस्त्यानं पुढं, दुकानाच्या दिशेनं निघून गेली.

दारापाशी येऊन एकच माणूस थांबलं. नवऱ्यानं तिचा हात घट्ट धरला. तिनं तो हळूच सोडवला.

“खालीच झोपावं लागेल ग,” ती म्हणाली, आणि कडी काढली.