परत जाणारी पिशवी

आमच्या ब्योर्कनेसला दारू बसने येते. आमच्या देशात वाईन, दारू फक्त सरकारी दुकानात मिळते; ते दुकान दोन तास लांब, आणि माझ्यासारख्या किराणावालीला वाईनची बाटली मांडायला बंदी. म्हणून लोक मंगळवारी माझ्याकडे नाव नोंदवतात, गुरुवारी बसमधून पिशव्या येतात. नको असेल ती पिशवी त्याच बसने परत जाते.

दर आठवड्याला परत जाणारी पिशवी माझ्या धाकट्या भावाची, हेल्गेची. दारूपायी त्याची बायको सोडून गेली, होडी गेली. चार वर्षांपूर्वी त्याने स्वतःच ही युक्ती काढली. मागवली की मन गुरुवारपर्यंत गप्प बसतं, म्हणतो. गुरुवारी येऊन पिशवीकडे बघतो आणि म्हणतो, "पाठव परत." हे फक्त मला आणि बसचालक योरानला ठाऊक होतं.

"मायलिस," योरान कुरकुरायचा, "ही बाटली माझ्यापेक्षा जास्त फिरलीय."

मार्चमध्ये गावच्या सभागृहात खासदारबाई आल्या. किराणा दुकानांतही वाईन, दारू मिळावी, असा त्यांचा आग्रह.

शेजारची बिर्गिट लगेच म्हणाली, "माझ्याकडे पाहुणे शनिवारी टपकतात आणि वाईन येते गुरुवारी. तोवर काय त्यांना बसवून ठेवू?"

सगळे हसले. खासदारबाई म्हणाल्या, "मोठ्या माणसांना असं ताटकळत ठेवणं हा अपमान आहे. आणि मायलिसबाईंसारखी दुकानं यानेच तगतील. हो ना?"

खरं सांगते, मलाही ते हवं होतं. दुकान कसंबसं चाललंय. पण हेल्गे मागच्या बाकावर बसला होता, आणि माझ्या तोंडून ना हो निघेना, ना नाही.

"तिला नका विचारू," हेल्गे उठून म्हणाला. "तिची अडचण मी आहे."

सगळे मागे वळून बघू लागले.

"दर गुरुवारी एक बाटली परत जाते, ती माझी. तुम्ही ज्याला अपमान म्हणता ना बाई, त्या दोन दिवसांवर मी जगलोय. समोर फळीवर असती, तर केव्हाच संपलो असतो." मग माझ्याकडे वळला. "पण माझ्यापायी तू दुकान बुडवू नकोस. कायदा झाला तर खुशाल मांड. मी त्या फळीच्या बाजूने चालत जाईन."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बिर्गिट उठली आणि सगळ्यात आधी त्याच्या कपात कॉफी ओतली. माझी मान इतकी ताठ झाली होती की खासदारबाई पुढे काय बोलल्या ते मला आठवत नाही.

कायद्याचा वाद राजधानीत अजून चालूच आहे. पण पुढच्या मंगळवारी हेल्गे नाव नोंदवायला आलाच नाही. चारचौघांत बोलून बसला, आता लाजेने दुसरीकडे कुठे जाऊन प्यायला तर नाही ना?

गुरुवारी बस उभी असतानाच तो आला. पिशव्यांकडे न बघता त्याने कॉफी आणि खारवलेल्या माशांचा डबा घेतला.

"मंगळवारी कुठे होतास रे?" मी विचारलं.

"घरी. कशाला मागवू? सगळ्या गावासमोर नाही म्हणून झालं की."

दारातून योरानने हाक मारली, "परतीची पिशवी दे गं, उशीर होतोय."

दुकानात तेव्हा निम्मं गाव होतं. हळू बोलायची मला काही गरज वाटली नाही.

"आज परत काही नाही," मी म्हणाले. "माझ्या भावाने मागवलंच नव्हतं."