एकदा थरथरलो म्हणजे पळ

मी मनगटावर बांधायचा एक पट्टा आहे. पोटात छोटी मोटर आणि बॅटरी. मैदानाच्या कडेला कुणी बटण दाबलं की मी थरथरतो. एवढंच माझं बोलणं.

मला घडवलं मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका दादाने. त्याच्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि पळायची भारी हौस. शिट्टी, हाका तिच्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. म्हणून मी. एकदा थरथरलो तर वेग वाढव, दोनदा तर आवर, लांब थरथरलो तर थांब. पहिल्या दिवशी ती मैदानभर हसत पळाली. तिच्या क्लबने मला लगेच विकत घेतलं.

बटण असायचं प्रशिक्षक सरांच्या हातात. ती जिंकू लागली तसं 'आवर' मागे पडलं, मग 'थांब'ही. घरी मी टेबलावर बंद करून ठेवलेला असायचो, तरी जेवता जेवता तिचं मनगट दचकायचं.

दादाने एकदा विचारलं, "सर, हिला कधी आवर म्हणता की नाही?"

"आवरून कुणी पहिलं येतं का?" सर हसले.

माझ्याखालीच तिची नाडी. ती मध्येच अडखळायची, मला कळायचं. पण मी सरांचं तिच्यापर्यंत नेणारा. तिचं सरांपर्यंत न्यायची सोय माझ्यात नव्हती.

निवड स्पर्धेत शेवटच्या वळणावर ती कोसळली. ती मातीत पडलेली, आणि मी 'वेग वाढव' म्हणत थरथरतच होतो. सर घड्याळाकडे बघत होते.

ती वाचली. डॉक्टरांनी पळणं मात्र बंद केलं. हातांच्या खुणांनी ती दादाला म्हणाली, "मला थांबायचं होतं. सांगणार कसं?"

दादाने मला उघडलं आणि कडेला एक बटण बसवलं. ते दाबलं की सरांच्या हातातलं यंत्र थरथरेल, अशी जोडणी केली. काम संपतंय तोच सर दारात.

"पट्टा क्लबचा आहे. दुसरी मुलगी तयार केलीय मी."

दादाने नव्या बटणावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "न्या. पण हे बटण कशाचं, ते तिला सांगा."

"सांगतो की."

आज मी त्या मुलीच्या मनगटावर आहे. तिलाही ऐकू येत नाही. मनगट इतकं बारीक, की सरांना पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. बटणावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावलीय. धूळ जाऊ नये म्हणून, असं त्यांनी तिला खुणेने समजावलं.

शर्यत सुरू झालीय. मी थरथरतोय. थोड्या वेळाने पुन्हा एकदाच. खाली नाडी अडखळू लागलीय.

पोरी, ती काळी पट्टी नखाने ओढून काढ.