पंधरा सेकंदांचा रस्ता

मी एक जुना पंच आहे, मित्रांनो. शिट्टी फुंकत मैदानभर धावणारा पंच नव्हे, तर तळहातात मावणारे, डोक्यावर एकच बटण असलेले गोल स्टॉपवॉच. पंच हे नाव मला सरांनी दिले. माझ्या शब्दावर त्यांनी तीस वर्षे कोणाला पहिले ठरवले, कोणाला दुसरे, आणि माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. त्याच मी एकदा आमच्या अख्ख्या रस्त्याला तोंडघशी पाडले. ती गोष्ट सांगायची म्हटले की आजही माझी स्प्रिंग तटतटून येते. पण आधी मी कसा घडलो ते ऐका.

एका लांबट खोलीत, खिडकीजवळच्या बाकावर माझा जन्म झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी चिमट्याने माझी चाके एकेक करून बसवली. मध्येच त्यांना शिंक आली आणि माझा एक स्क्रू उडाला. तो शोधायला तीन जणी जमिनीवर रांगत होत्या, आणि सापडल्यावर तिघींनाही हसू आवरेना. मग भिंतीवरच्या मोठ्या घड्याळासमोर मला दिवसभर पळवले. संध्याकाळी त्या बाईंनी माझी काच पुसली आणि म्हणाल्या, हा खोटं बोलणार नाही. त्या एका वाक्यावर मी पुढचे सगळे आयुष्य मिरवले.

सर शाळेत खेळ शिकवत. मैदानाच्या एका टोकाला कोणीतरी दोन फळ्या एकमेकींवर आपटायचे आणि शंभर मीटर अंतरावर सर उभे. आवाज पोहोचायला उशीर होतो, म्हणून फळ्या भिडताना दिसल्या की सर बटण दाबत. ते धडधडते क्षण काय सांगू. धूळ उडवत मुली-मुले अंगावर येत, सर ओरडत, “जोर लाव, हात हलव”, आणि माझा काटा एकेक सेकंद गिळत निघे. शेवटी सगळे सरांना गराडा घालून एकच विचारत: “सर, किती आला?” आकडा लहान निघाला की उड्या, मोठा निघाला की खाली माना. लहान आकडा चांगला, मोठा आकडा वाईट. मला दुसरे काही शिकवलेच नव्हते.

पुढे आकडे उजळणारी नवी घड्याळे आली. सर निवृत्त झाले. मी घरातल्या खणात गेलो. तिथे माझ्या शेजारी कुलपे नसलेल्या तीन किल्ल्या, एक आंधळी बॅटरी आणि रबरबँडांचा गुंता होता. कोणी किल्ली देईना. पोटातले तेल सुकले. दोन-तीन वर्षांतून एकदा खण उघडायचा, सर म्हणायचे, “अरे, पंच इथेच आहे का”, आणि खण मिटायचा. रुसायचे तरी कोणावर?

तेवढ्या काळात घरासमोरचा रस्ता मात्र चांगलाच सुटला होता. दोन पदरांचा चार पदरी झाला. पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सरांची मेहुणी राहते. सरांची बायको, म्हणजे सगळ्या रस्त्याच्या काकू, तिला धाकटी म्हणतात. जन्मात दोघी बहिणींचा चारचा चहा कधी चुकला नव्हता. आता काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, आणि धाकटीला गाडी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. पादचाऱ्यांसाठी दिवा होता, पण त्यातला हिरवा माणूस पंधरा सेकंदांत लाल व्हायचा.

एके दुपारी तो काकूंना नेमका अर्ध्या रस्त्यात लाल झाला. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर त्या उभ्या राहिल्या, दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या, आणि एका टेम्पोच्या आरशाने त्यांच्या हातातली पिशवी ओढून नेली. हात थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून काकू पलीकडे गेल्या नाहीत. दोघी आपापल्या गॅलरीत कप घेऊन उभ्या राहत आणि समोर दिसणाऱ्या माणसाशी फोनवर बोलत. हे आठ महिने चालले. नंतर नंतर धाकटी म्हणू लागली की तिला समोर नुसता काकूंच्या कपड्यांचा रंग दिसतो, तोंड दिसत नाही. त्या दिवशी काकूंनी फोन ठेवला आणि सरांना म्हणाल्या, “काहीतरी करा. नाहीतर आम्ही दोघी अशाच संपू, समोरासमोर.”

सरांनी माणसे जमवली. कोपऱ्यावरचे औषधवाले आले, एका पायाने लंगडणारे शिंपीकाका आले, निवृत्त पोस्टमन आले. अर्ज लिहिला: दिव्याची वेळ वाढवा, रस्त्याच्या मध्ये थांबायला कठडा असलेला ओटा बांधा. रस्तेखात्याचे अभियंता येऊन पाहणी करून गेले. तरुण, नीटनेटके गृहस्थ होते, वाईट मुळीच नव्हते. म्हणाले, रस्ता अठरा मीटर आहे, नियमाच्या पुस्तकाप्रमाणे माणूस तो पंधरा सेकंदांत ओलांडतो. तुमची माणसे जास्त वेळ घेत असतील तर मोजून दाखवा.

मोजून दाखवा. हे दोन शब्द घरात शिरले आणि खण धाडकन उघडला.

मला घड्याळजीकडे नेले. त्यांनी माझे पोट उघडले, जुने तेल पुसले, नवे दोन थेंब घातले. किल्ली फिरली आणि काटा निघाला. खरे सांगतो, माझा मला विश्वास बसेना. सरांनी मला नव्या दोरीत ओवून गळ्यात अडकवले, आरशात पाहिले आणि पोट आत घेतले.

आणि मग ती फजिती झाली. सुट्टीच्या सकाळी सर फूटपाथच्या कडेला उभे राहिले. हिरवा माणूस उजळला की बटण, पलीकडे पाय टेकला की बटण. रस्त्यावरची निम्मी माणसे सरांच्या हाताखालून गेलेली, उरलेली नुसत्या धाकात वाढलेली. गळ्यात मी दिसलो मात्र, एकेकाच्या अंगात वारे शिरले. औषधवाल्यांच्या आई, ज्या एरवी जिना उतरायला भिंत धरतात, त्या चौदा सेकंदांत पार झाल्या. पोस्टमनसाहेब छाती काढून तेरात. शिंपीकाका लंगडत लंगडत साडेतेरात पोहोचले आणि अर्ध्या सेकंदाने हरलो म्हणून पुन्हा संधी मागू लागले. प्रत्येक जण धापा टाकत परत येई आणि विचारी, “सर, किती आला?” सरसुद्धा विसरले की आपण कशाला आलोय. ते हात वर करून ओरडत होते, “शाब्बास, हात हलवा, शेवटी ढिले पडू नका.” मी तर आनंदाने वेडा झालो होतो. कित्येक वर्षांनी लहान लहान आकडे पोटात पडत होते.

सरांनी सुवाच्य अक्षरात तक्ता केला आणि पाठवून दिला. आठवड्याने उत्तर आले. आपल्याच नोंदींनुसार सरासरी वेळ चौदा सेकंद असून सध्याची वेळ पुरेशी आहे, सबब मागणीचा विचार करता येत नाही.

सर ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत खुर्चीत बसले. मी समोरच्या टेबलावर होतो. मी एकही सेकंद खोटा सांगितला नव्हता, तरी सगळे खोटे झाले होते. मला पुन्हा खणात टाकले असते तर मी चकार शब्द काढला नसता.

काकू आतून आल्या. त्यांनी पत्र वाचले, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या गळ्यात ते घड्याळ दिसलं की झोपलेला माणूससुद्धा उठून पळेल. आम्ही रोज काय शर्यत लावून भाजी आणतो का?”

“चुकलंच माझं,” सर म्हणाले.

“चुकलंय ना, मग त्या साहेबांना परत बोलवा. मी जाते पलीकडे.”

सरांचा चेहरा उतरला. आठ महिन्यांहून जास्त काळ काकूंनी त्या पट्ट्यांवर पाऊल ठेवले नव्हते. पण त्यांनी एकदा ठरवले की ठरवले. सर स्वतः कार्यालयात गेले, तक्त्यात काय घोळ झाला ते आढेवेढे न घेता सांगितले, आणि अभियंत्यांना हसू फुटले. हसता हसताच त्यांनी येण्याचे कबूल केले.

कामाच्या दिवशी दुपारी चारला अभियंता आले. सर मला घेऊन पुढे झाले, तोच काकूंनी मला त्यांच्या गळ्यातून काढून अभियंत्यांच्या हातात दिले आणि वर आपली बटाट्यांची पिशवी त्यांच्या दुसऱ्या हातात अडकवली.

“बटण तुम्हीच दाबा,” त्या म्हणाल्या, “पण इथे उभं राहून नाही. माझ्याबरोबर चला.”

हिरवा माणूस उजळला. बटण दबले. काकूंनी काठी टेकली, एक पाऊल टाकले, दुसरे पाऊल त्याच्या बरोबरीला आणले, मग पुन्हा काठी. ना घाई, ना ढोंग. अभियंत्यांचे पाय दोनदा पुढे गेले आणि दोनदा मागे आले. मागे फूटपाथवर शिंपीकाका, पोस्टमन, औषधवाले, त्यांच्या आई, सगळे रांगेत उभे. सरांच्या तर घशापर्यंत “जोर लावा” आले असणार, कारण त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

पाच सेकंद झाले. दहा झाले. आम्ही अजून मधल्या पट्ट्यालाही पोहोचलो नव्हतो. ज्या मोठ्या आकड्याला मी जन्मभर नाक मुरडले, तोच आज मी मनापासून मागत होतो. पंधराव्या सेकंदाला हिरवा माणूस विझला. अजून एक पाऊल टाकून आम्ही पट्टा गाठला, आणि गाड्या सुटल्या.

हॉर्न, धूर, वारा. एक बस इतक्या जवळून गेली की अभियंत्यांचा शर्ट हलला. त्यांच्या तळहाताला घाम फुटला, माझी काच ओली झाली. ते काकूंना म्हणाले, आता काय करायचं?

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “पुढच्या हिरव्यापर्यंत इथेच उभं राहायचं. तुम्ही माझा हात धरा, म्हणजे तुम्हालाही बरं वाटेल.”

त्या साहेबांनी खरोखरच हात धरला. पिशवी कोपरात, मी मुठीत, आणि काकूंचा हात घट्ट. माझा काटा एक फेरी पुरी करून दुसऱ्या फेरीला लागला. मग पुन्हा हिरवा उजळला आणि आम्ही निघालो. पलीकडे फूटपाथच्या कडेला कोणीतरी एका हाताने खांब धरून, दुसरा हात हवेत चाचपडत उभे होते. धाकटी तीन मजले एकटी उतरून आली होती. काकूंची काठी दगडावर वाजली, तशी तिने आवाजाच्या दिशेने दोन्ही हात पुढे केले आणि बहिणीचे तोंड ओंजळीत धरले. अगदी जवळ, दिसेल इतक्या जवळ.

“ताई,” ती म्हणाली, “किती वाळलीस गं तू.”

अभियंता बघत राहिले. पिशवीतून दोन बटाटे घरंगळले तरी त्यांचे लक्ष नव्हते. रस्त्यापलीकडून सर जिवाच्या आकांताने ओरडत होते, “साहेब, बटण. बटण दाबा.” पण साहेब विसरले. मी आपला पळतच राहिलो, तीन मिनिटे, चार मिनिटे, बहिणी रडून हसू लागेपर्यंत. माझ्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची धाव, आणि तिची वेळ कोणी घेतलीच नाही.

त्यांनी कागदावर काय लिहिले ते पुढे सर्वांनी वाचले. वेळेच्या रकान्यात रेघ होती. शेऱ्यात एक ओळ होती: स्वतः चालून पाहिले, वेळ अपुरी आहे.

दीड महिन्यात मधला ओटा झाला, त्याला कठडा लागला, आणि हिरवा माणूस चौतीस सेकंद उभा राहू लागला. पहिल्या दिवशी जत्रेसारखी गर्दी उसळली. आता कोण जास्त सावकाश जातो याची चुरस लागली, आणि शिंपीकाका लाल दिवा लागायच्या बेताला पोहोचून विजयी मुद्रेने वळले. काकू मात्र आपल्या नेहमीच्या चालीने गेल्या. एकतीस सेकंद. सरांनी मला कानाशी धरले, डोळे पुसले आणि म्हणाले, “शाब्बास.” इतक्या मोठ्या आकड्याला त्यांच्या तोंडून तो शब्द मी प्रथमच ऐकला.

आता मी खणात नसतो. दारामागच्या खिळ्याला लटकतो. रोज चारच्या आधी सर मला किल्ली देतात, काच पुसतात, पण बटण दाबत नाहीत. काकू काठी घेतात, चपला घालतात आणि पलीकडे चहाला जातात.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू खणात पडून असेल तर अधूनमधून तिला बाहेर काढा, पुसा, किल्ली द्या. आणि कधी सायकलवर किंवा गाडीत बसलेले असाल, समोर कोणी काठी टेकत रस्ता ओलांडत असेल, तर हॉर्नकडे हात नेऊ नका. तुमच्याकडचे थोडे सेकंद त्यांना द्या. मी जन्मभर सेकंदच मोजत आलो. दिलेले सेकंद पुढे कोणाला कमी पडल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. पलीकडे कोणीतरी हात पुढे करून उभे असते, त्यांना तेवढेच हवे असतात.