दुर्पताची लाखोळी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. जाळी चेपलेली, वायरला तीन ठिकाणी काळी पट्टी. कोणत्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. मला समज आली ती सडक अर्जुनीला, योगराजच्या मंडप-डेकोरेशनच्या दुकानात. तेव्हापासून लग्नं, भागवत सप्ताह, हरवलेल्या माणसांची नावं, सगळं माझ्या गळ्यातून गेलं. लोक मला टिचक्या मारतात, "हॅलो, हॅलो" करत तोंडावर थुंकी उडवतात आणि आवाज चांगला लागला की कौतुक मात्र भोंग्याचं करतात. याचा मला राग आहे, लपवत नाही.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य रंगतं, घरोघरी सोयरे-पाहुणे येतात. यंदाच्या मंडयांमध्ये उदेभान नावाचा लेखक गाजला. पंधरा वर्षं हा माणूस लग्नपत्रिकांचे मजकूर आणि दंडारीची सोंगं लिहून पोट भरत होता. यंदा त्याच्या कथावाचनाला एकामागून एक नऊ बोलावणी आली. बहुतेक ठिकाणी त्याच्यासमोर मीच होतो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, वर्तमानपत्रात अंगठ्याएवढा फोटो आला. तो फोटो त्याने योगराजला तीनदा दाखवला.

लोक त्याची एकच कथा पुन्हा पुन्हा मागत. नवी सून सासरी उपाशी राहते, गोठ्यात जाऊन बैलांसाठी भिजवलेली लाखोळीची डाळ खाते आणि सासूच्या हाती सापडते. उदेभान बैलाचा आवाज काढायचा, सासूचा काढायचा, सुनेचं भरलेलं तोंड करून दाखवायचा. लोक पोट धरून हसायचे. मीही खूष होतो.

सहावी मंडई त्याच्या थोरल्या बहिणीच्या, दुर्पताच्या सासरच्या गावची होती. दुर्पता पुढच्या रांगेत, आपल्या नव्या विहिणीशेजारी बसली होती. उदेभानने कथेतलं नाव बदललं होतं. तेवढ्यावर भागलं असं त्याला वाटलं. पण गावाला तो गोठा ठाऊक होता, ती सासू ठाऊक होती. अर्ध्या कथेतच माना दुर्पताकडे वळल्या आणि हसू वाढलं. विहीणही तोंडाला पदर लावून हसली. आज रंग चढला म्हणून उदेभानने बैल दोनदा हंबरवला.

टाळ्या संपल्यावर दुर्पता मंचावर आली. योगराज चहाला गेला होता आणि मी स्टँडवर तसाच चालू होतो. ती हळूच बोलली, पण मी ते सगळं भोंग्यापर्यंत नेलं.

"उदेभान, तीस वर्षांत गाव विसरून गेलं होतं. काऊन काढलास?"

"बाई, नाव कुठी घेतलो तुझं?"

"भूक तं माझीच घेतलास ना. आईले सांगतली नव्हती, तुले सांगतली. मले विचारला असतास तं मी नाही नसती म्हटली. मीच उभी राहून सांगतली असती. पण कोणाले हसू नसती देली."

सगळ्या माना मंचाकडे वळल्या. भोंग्यातून आपलाच आवाज येतोय हे दुर्पताला कळलं, तेव्हा ती मंचावरून उतरली. मग विहिणीकडे न बघता घरी निघून गेली. एका दुपारी तिची भूक दोनदा चव्हाट्यावर आली. एकदा भावाने आणली, एकदा मी. मित्रांनो, मला त्याची लाज वाटते.

परतताना टेम्पोत, बहिणीच्या दारावरून आलेला उदेभान योगराजला एवढंच म्हणाला, "बाई दारच नाही उघडली."

पुढच्या आठवड्यात गोंदियाजवळ फुलचूरला मोठा कार्यक्रम होता. तिथेही मंडप योगराजचाच. आयोजक चंद्रकुमार उदेभानच्या कानाशी येऊन म्हणाले, "भैया, वो लाखोळीवाली सुनाइए. लोग उसी के लिए आए हैं."

उदेभानने वही उघडली, मिटली. मग माझ्याजवळ तोंड आणून म्हणाला, "ते कथा माझ्या बहिणीची आहे. मी तिले विचारलो नाही. आता ते माझ्याशी बोलून नाही राहिली."

लोक खदखदून हसले. त्यांना वाटलं, कथा सुरू झाली.

उदेभान ते हसू थांबायची वाट बघत उभा राहिला. ते थांबेना, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने माझं बटण बंद केलं.

मित्रांनो, माझी निगा राखा असं शेवटी सांगणार होतो. ते राहू द्या. कोणाची गोष्ट सांगायची असेल तर आधी त्या माणसाच्या दारी जा, दार उघडं आहे तोवर. माझ्याकडे नंतर या.