नाव कमी करणे

…कळफलकावरच्या एका कळीचा स्टिकर अर्धा उचकटला होता आणि भाग्यश्रीचं नख पुन्हा पुन्हा त्याच्या टोकाशी जात होतं — बावन्नाव्या वर्षी मराठी टायपिंग शिकताना आईने सगळ्या कळांवर अक्षरं चिकटवली होती — आणि पडद्यावर तीच लाल ओळ तिसऱ्यांदा उमटली होती. मार्ग सापडत नाही. सी, मग यूजर्स, मग सात प्रश्नचिन्हं, मग टेम्प. ती सात प्रश्नचिन्हं म्हणजे ‘मुक्ताई’, आईचं नाव.

एक वाजेपर्यंत प्रोग्राम चालवून पाठवायचा होता. हडपसरच्या कंपनीने नोकरीसाठी ही परीक्षा ठेवली होती, आठ महिन्यांच्या बेकारीत पहिल्यांदाच कुणीतरी दार किलकिलं केलं होतं, आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरच्या या डब्यावर बसायला तयार नव्हतं.

“देवनागरीत यूजरनेम कोण ठेवतं यार?” जुन्या ऑफिसातला इमाद फोनवर म्हणाला. “अकाउंटचं नाव बदललंस तरी आतला फोल्डर तोच राहतो. सेटिंगमधलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स उघड. टेम्प आणि टीएमपी, दोन्हींमधून ते नाव काढ, साधा पाथ दे. दोन मिनिटांचं काम आहे गं.”

कोण ठेवतं… मशीन नवं आलं तेव्हा दुकानातला माणूस सवयीने इंग्रजीत काहीतरी टाकायला निघाला, तर आईने त्याचा हात बाजूला सारला — अहो, माझं नाव मला लिहिता येतं. त्यानंतर वर्षभराने ती साडी पिको-फॉलला टाकून येते म्हणून कर्वेनगरच्या चौकापर्यंत गेली आणि आली नाही. तीन वर्षं झाली. सापडली नाही, आणि गेली असंही म्हणवत नाही. मामांनी मध्यंतरी रेशनकार्डाचा ‘नाव कमी करणे’चा फॉर्म आणला, तो बाबांनी चार तुकडे करून त्यांच्याच हातावर ठेवला. “का हो, तुम्हाला बहीण जास्त झाली होती का?” तेव्हापासून या घरात आमटीत मीठ कमी आहे, असंही कुणी म्हणत नाही.

तिने पडद्यावर सेटिंगची ती खिडकी उघडली. टेम्प म्हणजे तात्पुरतं. तात्पुरत्या गोष्टी ठेवायच्या जागेवर आईचं नाव बसलं होतं. ही नोकरी हुकली तरी चालेल, असं म्हणून उठावं का? मग भाडं, बाबांची औषधं…

“काय करतेस गं एवढं?” बाबांनी आतून विचारलं.

“काही नाही, सेटिंग.”

खोटं नव्हतं. तिने होतं ते पुसलं, नवं लिहिलं, ओके दाबलं. यंत्राला तेवढं पुरेना. पुन्हा ओके, पुन्हा ओके. तीनदा विचारलं आणि आपण तीनदा हो म्हणालो, तिच्या मनात आलं.

सॉफ्टवेअर निमूट बसलं. प्रोग्राम चालला. एकला वीस मिनिटं असताना तो पोचलासुद्धा. भाग्यश्रीला बरं वाटलं, ओला कपडा अंगावरून उतरवल्यावर वाटतं तसं. त्या बरं वाटण्याचीच मग तिला भीती वाटली. ती उगाचच कंपनीच्या मेलला आभाराचं उत्तर लिहू लागली.

बाहेर लिफ्टचं दार खडखडलं. आतली बाबांच्या पेपरची सळसळ थांबली. तीन वर्षं हे घर असंच थांबत आलं होतं, पावलं शेजारच्या दाराकडे वळेपर्यंत. पावलं वळली, पेपर पुन्हा सळसळला… आणि तिच्या लक्षात आलं, आपली बोटं मधे थांबलीच नाहीत. आज नाही, काल नाही, परवाही नाही — कधीपासून, ते तिला काही केल्या आठवेना.