टोपलीत देवमासा

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सर्वेश आणि मनाली शेजारी बसत. कोड लिहिताना मनाली मधे मधे मराठीत टिपा लिहून ठेवायची. ही ओळ का लिहिली, ती बदलली तर काय बिघडेल, सगळं.

"कंप्युटर वाचणार आहे काय हे पुराण?" सर्वेश चिडवायचा.

"कंप्युटरसाठी नाही, माणसांसाठी लिहिते मी."

मनालीच्या लग्नादिवशी सगळं ऑफिस सकाळीच हॉलवर गेलं. मागे राहिलेला सर्वेश नवा कुर्ता घालून ऑफिसला कुलूप लावणार, तोच जयगडहून बकुळाकाकींचा फोन आला. त्यांच्या मासळी केंद्रातलं वजनाचं सॉफ्टवेअर मनालीनं लिहिलेलं होतं.

"अरे सर्वेश, कंप्युटर बांगड्याची टोपली पंचवीस हजार किलोची दाखवतोय! आत देवमासा शिरलाय की काय? लिलाव थांबलाय, बर्फ वितळतोय, सगळे माझ्या नावानं ओरडतायत!"

"काकी, काही बदललंत का तिथे?"

"काय नाय रे. जुना काटा गंजला, म्हणून आज नवीन आणला."

सर्वेशनं मनालीला फोन लावला. तो उचलला तिच्या भावानं, धम्मदीपनं. मागे लग्नविधीतलं त्रिशरण, 'बुद्धं सरणं गच्छामि', चालू होतं.

"ताई स्टेजवर आहे. देऊ काय?" तो कुजबुजला.

"नको, नको! ठेव तू."

बाह्या सरसावून सर्वेशनं तिचा कोड उघडला. भलामोठा कोड, आणि त्यातली एकही ओळ त्याची नव्हती. वरून खाली चाळूनही काही हाती लागेना. शेवटी त्यानं 'काटा' हा शब्द शोधला आणि टीप समोर आली: 'हा काटा वजन किलोत पाठवतो. काही काटे ग्रॅममध्ये पाठवतात. तसा काटा आला तर खालच्या ओळीत एकऐवजी हजारानं भागा. बाकी कशाला हात लावू नका.'

रिकाम्या ऑफिसात तो एकटाच मोठ्यानं हसला. एक आकडा बदलला आणि बदल जयगडला पाठवला.

"पंचवीस किलो!" काकी फोनवर ओरडल्या. "चला गो, लिलाव सुरू करा!" आणि फोन कट.

सर्वेशनं टिपेखाली 'आता काटा ग्रॅमचा आहे' असं लिहिलं आणि स्कूटर काढली.

हॉलवर पोचला तेव्हा लग्न लागून गेलं होतं. पांढऱ्या साडीतली मनाली रुसून म्हणाली, "होतास कुठे?"

त्यानं सगळं सांगितलं. ती इतकी हसली की फोटोग्राफर वैतागला.

"अरे, ती टीप लिहिल्याचं मला आठवतसुद्धा नाही!" डोळे पुसत ती म्हणाली. "जा, आधी जेव. जिलेबी संपत आलीय."