पाटलीणबाईंचा शनिवार

ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरी कोणीतरी गेलेलं असतं, एवढं केनवड गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून गुरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांच्या घरातून एका शनिवारी दहा वाजले तरी धूर निघाला नाही, तेव्हा तुळसाबाई पाटलीण पिठलं-भाकरीची दुरडी घेऊन निघाली. मागे तिची कामवाली गोजराबाई, आणि तिच्यामागे आळीतल्या सात-आठ बाया. दारात पोचताच सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावले. गोजराबाईनं तर गळाच काढला. रडायच्या कामात ती कधी मागे राहत नसे.

दार उघडलं ते डॉक्टरांच्या बायकोनं, मिल्काबाईंनी. धुतलेलं पातळ, केसांत मोगरा, चेहरा अगदी सणाचा.

"कोन गेलं वो बाई?" तुळसाबाईनं दबक्या आवाजात विचारलं.

"कोण जाणार? सगळी आहेत की!"

तेवढ्यात खुद्द रूबेन डॉक्टर जांभई देत बाहेर आले. गोजराबाईचा हुंदका अर्ध्यावरच अडकला नि तिला ठसका लागला. मग मिल्काबाई पोट धरधरून हसल्या आणि हसता हसता सांगू लागल्या. आम्ही यहुदी, अलिबागेकडचे बेने इस्राएल. शनिवार हा आमचा विसाव्याचा दिवस. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत रांधून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, हातात लेखणी धरायची नाही. आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवत. शनिवारी ते घाणे बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

ही गोष्ट एकोणिसशे एकोणचाळीसच्या उन्हाळ्यातली. मिल्काबाई लग्नाआधी शाळेत शिकवत. केनवडात आल्या आल्या त्यांनी पाटलांच्या ओसरीवर मोठ्या बायांचा वर्ग काढला होता. मंगळवारी नि गुरुवारी पाटीवर अक्षरं गिरवायची म्हटलं की चार बाया येत, त्यातल्याही दोघी डुलक्या घेत. पण पिठल्याच्या त्या फजितीनंतर बायाच म्हणाल्या, शनिवारी लिहायचं नाही तर नका लिहू, सांगा तं खरं! झालं, शनिवारचा तिसरा प्रहर ठरला. पहिल्याच शनिवारी ओसरीवर तीस बाया. पाटीविना शाळा कोणाला नको असते?

आणि काय काय कळलं त्या ओसरीवर! दाराच्या चौकटीला देवाची वचनं नळीत घालून ठोकतात, येता-जाता त्यांना हात लावतात. वर्षातून एकदा दार लावून दिवसभर कडक उपास करतात. नवस फेडताना पोहे, खोबरं, साखर आणि फळं मांडून एका जुन्या संताची आठवण काढतात. मिसर देशात ह्यांचे पूर्वज गुलाम होते, रात्रंदिवस विटा थापत होते, हे ऐकून गोजराबाई ढसाढसा रडली. "एक दिवसबी उसंत नसंल बिचाऱ्यायले," असं ती आठवडाभर म्हणत होती. एकीनं भीत भीत विचारलं, "बाई, आमाले तुमच्या धरमात त नाई घेऊन राह्यल्या ना?" मिल्काबाई म्हणाल्या, "छे गं बाई! आहेत त्यांनाच सांभाळता नाकी नऊ येतात."

तुळसाबाईच्या मनात मात्र एकच गोष्ट रुतून बसली. विसाव्याचा दिवस! लग्नाला तीस वर्षं झाली, त्यात चुलीपुढची एक सकाळ चुकली नव्हती. सणाच्या दिवशी तर दुप्पट काम. आजारी पडली तरी उशाशी तांदूळ निवडायला असत. तिला दागिना नको होता, तीर्थयात्रा नको होती. आठवड्यातला एक दिवस हवा होता, आणि तो इतका हवासा वाटत होता की तिला स्वतःचीच लाज वाटे.

शेवटी एका बुधवारी जेवण वाढताना तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, "येत्या शनवारपासून मी चुलीजवळ जानार नाई. बसून राहीन."

उकंडराव पाटील घास हातात धरून बघत राहिले. "अन् आमी काय खावं? माती?"

"भाकरी गोजरा टाकंल. पानीबी तेच भरंल."

मोरीपाशी भांडी घासत असलेली गोजराबाई म्हणाली, "हव जी."

उकंडराव तापट होते, पण रूबेन डॉक्टरांचा शब्द ते झेलत. त्यांचा पोटफुगीनं पडलेला पवळ्या बैल डॉक्टरांनीच उठवला होता. तेव्हा डॉक्टरीणबाईंना एकदम नावं ठेवणं जमेना. ते म्हणाले, "मले पायलं पाह्यजे काय लिवलं हाये ते. मंग पाहू."

शनिवारी ते खरंच वर्गाला आले. तिसऱ्या प्रहरी ओसरीच्या टोकाला खांबाला टेकून बसले. बायांनी डोक्यावरचे पदर हातभर पुढे ओढले. "सांगा बाई," ते म्हणाले, "हे सुट्टीचं काय हाये ते. देवानं सांगतलं म्हन्ते आमची मंडळी."

मिल्काबाईंनी पोथी उघडली नाही. त्यांना पाठच होतं. "सहा दिवस आपलं काम कर. सातव्या दिवशी तू काम करायचं नाही. तुझ्या मुलानं नाही, मुलीनं नाही, तुझ्या गड्यानं नाही, कामवाल्या बाईनं नाही, तुझ्या बैलानं नाही, गाढवानं नाही, तुझ्या वेशीच्या आत आलेल्या परक्यानंही नाही. त्यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. तूही एकदा गुलाम होतास, हे विसरू नको."

"बैल?" उकंडराव सावरून बसले. "बैलाचं नाव हाये त्यात?"

"आहे ना."

"मंग खरा देव हाये! आमाले तं पोळा वर्सातून एकच." ते इतके खूश झाले की तुळसाबाईचा जीव भांड्यात पडला. मिळाला शनिवार! पण पाटलांची बोटं चालू झाली होती. पोरगा, पोरगी, गडी, कामवाली, बैल, गाढव, परका. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं आणि मांडीवर थाप मारली. "अन् बायकोचं नाव कुठी हाये? गाढव आलं, बायको नाई आली!"

बायांमध्ये खसखस पिकली. तुळसाबाईला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. गाढवाला विसावा, परक्याला विसावा. गोजराबाई तर बैलाच्याही आधी! कानामागून आली नि तिखट झाली, असा विचार तिच्या मनात आला आणि डोळे भरून आले. देवानंही आपल्याला मोजलं नाही.

मिल्काबाई काही बोलणार तोच मागून, पायरीवरून आवाज आला. गोजराबाई नेहमी पायरीवरच बसायची.

"मालक, लहान तोंडी मोठा घास घेते. पन ह्या समद्यायले सुट्टी दे असं देव कोनाले सांगून राह्यला? माह्या घरी गडी नाई, बैल नाई. मी कोनाले देऊ? ज्याच्या हातात घर हाये त्यालेच सांगून राह्यला ना? गडी तुमी ठेवता, बाईमानसाले कामाले मालकीनबाई लावते. मंग ते तुमा दोघायलेच सांगतलं. आपलं नाव आपन मोजत नसतो जी."

"माझे आजोबा नेमकं हेच सांगायचे," मिल्काबाई हळूच म्हणाल्या. "पहिला 'तू' आहे ना, तो घरच्या धन्याचा आणि धनिणीचा."

उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला. 'खरा देव हाये' असं सगळ्यांदेखत बोलून गेले होते, आता मागे कसं फिरायचं? "हव," ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

बाया पांगल्या. गोजराबाई सतरंज्या झटकून घडी करू लागली. मग तिनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाई, पुढच्या शनवारच्या भाकरी किती टाकू? पावने तं नाई ना कोनी?"

तुळसाबाई तिच्याकडे पाहतच राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आपण विसावा मागितला आणि आपल्या वाट्याचं काम हिच्या डोक्यावर ठेवून मोकळ्या झालो. आत्ता हिनंच आपली बाजू राखली, आणि विचारते काय, भाकरी किती टाकू! तिला स्वतःचा मनापासून राग आला.

"शनवारी तू येऊ नको," ती म्हणाली.

गोजराबाईच्या हातातली सतरंजी खाली पडली. "काय चुकलं जी माहं? मालकासमोर तोंड चालवलं म्हनून?"

"अवं येडी! शुक्रवारी दोघी मिळून टाकू भाकरी. तू थापजो, मी भाजीन. शनवारी तुही सुट्टी अन् माहीबी."

"अन् मालक?"

"मालक खाईन गार. बैलासंगं बसून."

तसंच झालं. शुक्रवारी दोघींनी दिवस मावळायच्या आत दुरडीभर भाकरी टाकल्या, मिरच्यांचा ठेचा कुटला, रांजण भरले. शनिवारी कोंबडा आरवला तशी तुळसाबाई सवयीनं उठली, चुलीपर्यंत गेली आणि परत फिरली. मग हातांचं काय करावं ते कळेना. केस विंचरले, पुन्हा विंचरले. उकंडरावांनी गोठ्यात बैलांना वैरण टाकली, गार भाकरी ठेच्याशी खाल्ली आणि "नव्याचे नऊ दिवस" असं तिला ऐकू जाईल इतक्या जोरात पुटपुटले. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनातून ती फार सुखात होती.

दुपारी गोजराबाई आली, वर्गाच्या कितीतरी आधी. धुतलेलं लुगडं नेसली होती. पायरीवर टेकायला लागली तशी तुळसाबाईनं आपल्या सतरंजीवर जागा केली.

"इथं? मले?"

"बस म्हनलं ना."

ती अवघडून कडेला बसली. "घरी करमेना जी. आता काय करावं लागते?"

"काईच नाई."

"काईच?" गोजराबाईनं थोडा विचार केला, खांबाला पाठ टेकली, पाय लांब केले. मग बोलता बोलता तिचा आवाज मंद झाला, मान कलली आणि डोकं तुळसाबाईच्या खांद्यावर आलं.

वीस वर्षं ही बाई रोज घरात होती. तुळसाबाईनं तिला धावताना पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, तापात फणफणत पाणी भरताना पाहिलं होतं. झोपलेली मात्र आजच पहिल्यांदा पाहत होती.

"अवं, पानी दे बरं!" गोठ्याच्या दारातून उकंडराव ओरडले.

तुळसाबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि मोकळ्या हातानं रांजण दाखवला. पाटील तिथंच थबकले. झोपलेल्या गोजराबाईकडे त्यांनी पाहिलं, पायातले जोडे काढले आणि आवाज न करता जाऊन आपल्या हातानं पाणी घेतलं.